कंट्रोल-डी नेमकं कुणाचं? मदत हवी आहे

राजेहो, जरा मदत करा. नागपुरात घरूनच व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरवर काम करतो. परवा त्यात व्हिमचं (सगळं कीबोर्डवरून चालवायच्या जुन्या एडिटरचं) प्लगइन टाकलं आणि हाताची सवयच मोडली. कंट्रोल-डी दाबलं की पुढचा तसाच शब्द निवडला जायचा, आता अर्धं पान खाली सरकतं. कंट्रोल-एफनं शोध उघडायचा, तेही आता व्हिमनं घेतलं. व्हिमच्या हिशेबानं बरोबरच आहे म्हणा.

सेटिंगमध्ये 'युज कंट्रोल कीज' (कंट्रोलच्या कीज व्हिमला देणारा पर्याय) बंद केलं, तर व्हिममधली कंट्रोल-व्हीची उभी निवडही (अनेक ओळींतला उभा पट्टा निवडणं) गेली, आणि ती तर मला हवीच. 'हँडल कीज'मध्ये एकेक की 'फॉल्स' करून एडिटरला परत देता येते, पण ती सगळ्याच मोडमध्ये व्हिमकडून जाते. मला नॉर्मल मोडमध्ये (हुकूम द्यायच्या) व्हिमचं आणि इन्सर्टमध्ये (मजकूर टाइप करायच्या) व्हीएस कोडचं कंट्रोल-डी हवंय. कीबाइंडिंगच्या फाइलीत (कुठल्या कीनं काय व्हावं ते लिहायच्या) 'व्हेन'ची, म्हणजे की कधी चालावी याची, अट नेमकी कशी लिहू? कुणी करून पाहिलंय का?