स्टार मोजताना हुकलेली पोरं
अमेरिकेत कॉलेज फुटबॉलसाठी शाळेतल्या खेळाडूंना पाचपर्यंत स्टार देतात, ते स्टार रेटिंग म्हणजे सगळं थोतांड असं काही जण म्हणतात, हे काही पटलं नाही बुवा. फाइव्ह स्टार पोरांतली बरीच खरंच चांगली निघतात. घोळ होतो तो खालच्या थरात, कारण तिथे पोरगं सोळा-सतरा वर्षांचं असतानाच स्थळ बघितल्यासारखं उंची-वजन बघून पास-नापास करतात, अजून ते वाढायचंय हे कोणी धरतच नाही.

क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) जॉश ॲलनचंच बघा ना, कॅलिफोर्नियातलं फायरबॉ म्हणजे शेतीवालं छोटंसं गाव, घरची शेती, पोरगा शाळेत असताना किडकिडीत, फ्रेस्नो स्टेट युनिव्हर्सिटी तशी जवळच पण त्यांनीही स्कॉलरशिप दिली नाही, मग रीडलीच्या ज्युनियर कॉलेजात (तिकडे म्हणजे शाळेनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज) एक वर्ष काढलं आणि तिथून कोचेसना ढिगाने ईमेल टाकले तेव्हा कुठे वायोमिंग युनिव्हर्सिटीने घेतलं. तोवर गडी चांगला साडेसहा फुटांच्या आसपास गेलेला. 2018 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ कॉलेजची पोरं निवडतात तिथे, सातवा गेला!

दुसरा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स, त्याचं तर निव्वळ नशीब. कॅलचे (बर्कलीच्या कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीचे) कोच टेडफर्ड ब्यूट या ज्युनियर कॉलेजमध्ये गेले होते एका टाइट एंडला (बॉल झेलणाऱ्या खेळाडूला) बघायला, आणि नजर पडली त्याला बॉल फेकणाऱ्या रॉजर्सवर. तो टाइट एंड दुसरीकडे असता तर?

आणि एका कॉलेजने स्कॉलरशिपची ऑफर दिली की बाकीचे मागोमाग देतात, स्वतः पोराच्या खेळाची टेप किती जण बघतात देव जाणे. आडगावच्या पोराला पहिली ऑफरच येत नाही, तिथेच सगळं अडतं.