नुसत्या एमएएचवर जाऊ नका

नवा फोन ५००० एमएएचचा (एमएएच म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) असूनही जुन्या ४००० वाल्यापेक्षा लवकर उतरतो, म्हणजे पैसे पाण्यात गेले, अशी एकाची तक्रार आहे. इतक्यात निकाल लावू नका. डेटा हलवल्यावर पहिले काही दिवस फोन मागच्या मागे फोटो चाळत, ॲप अपडेट करत बसतो. माझा तर पहिल्या रात्री उशाशी नुसता पडून चांगलाच गरम झाला होता! आठवड्याने सेटिंगमधलं 'बॅटरी युसेज' उघडलं तर पहिल्या नंबरवर स्क्रीन. स्क्रीनचा रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा) १२० हर्ट्झवरून ६० वर आणला, रेंज कच्ची असते तिथे फाईव्ह-जी बंद केलं. आता झोपताना तीसेक टक्के बॅटरी उरते.

वेगाचं म्हणाल तर नव्या-जुन्या फोनची तुलना जरा फसवी आहे. जुना फोन मंद वाटतो त्यात कधीकधी थकलेल्या बॅटरीचाही हात असतो. फोन अचानक बंद पडू नये म्हणून काही जुन्या आयफोनचा वेग कमी केल्याचं ॲपलने २०१७ मध्ये मान्य केलं होतं, आणि बॅटरी बदलली की तो वेग परत यायचा. त्यामुळे जुना अजून विकला नसेल तर आधी त्याची बॅटरी हेल्थ, म्हणजे नवी असतानाच्या तुलनेत बॅटरीची किती क्षमता उरलीय, ते बघा. ८० टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरी बदलून मगच दोन्ही शेजारी ठेवा.