शहाबादी काढण्याआधी

सोलापुरात विजापूर रोडचं वडिलांच्या वेळचं घर, शहाबादी दगडाची फरशी उखडून व्हिट्रिफाइड टाइल बसवायची आणि हॉल-स्वयंपाकघरामधली भिंत पाडायची, असं तुम्ही लिहिलंय. फरशीला आधी पॉलिश मारून बघा. आमच्या जुळे सोलापुरातल्या घरी तेच केलं. मशीन फिरल्यावर असा काळसर-निळा दगड निघाला की आई खाली बसून हात फिरवत राहिली. पारा ४२-४३ला गेला की दुपारी आम्ही चटईसुद्धा न टाकता त्यावर आडवे होतो.

भिंतीला मात्र इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू नका. त्या काळच्या घरांत बऱ्याचदा कॉलम नसतात, स्लॅबचं ओझं भिंतीवरच. गवंडी 'काय होत नाही साहेब' म्हणतोच. आमचाही म्हणाला, आणि बेडरूमच्या दारावर तिरकी चीर पडली.

पैसे आधी वायरिंगवर घाला (एसी लावणार ना? अर्थिंग तपासा), मग गंजलेले जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप, मग गच्ची: वॉटरप्रूफिंग करून वर पांढरा चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांचा थर). आणि हौद! पाणी काही दिवसांआड येतं, मोठा करायचा असेल तर अंगणाच्या फरशीआधीच खणा. आम्ही नंतर खणला, नवी फरशी परत फोडली.