खाजनाची क्षारता: तीन विभागांनी मिळून एकच प्रकल्प घ्यावा का?

मानसकार (वनस्पतिशास्त्र)
एमएस्सीच्या प्रकल्पासाठी प्रस्ताव मांडतो. वनस्पती, रसायन आणि भौतिक या तिन्ही विभागांनी एकच प्रश्न घ्यावा: गोव्यातल्या चोडण बेटावरच्या खाजनात (बांध घालून खाडीपासून राखलेल्या सखल शेतजमिनीत) मानशीपासून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापासून, आत जाताना जमिनीतलं मीठ किती घटतं, आणि कोरगुट हा खाजनातला पारंपरिक भात कुठल्या क्षारतेपर्यंत तग धरतो? भरतीला बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने मानशीची दारं मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून निघून जातं. फळी कुजली किंवा बांधाला भगदाड पडलं की खारं पाणी थेट शेतात.

मातीचे नमुने १५ सेंमी खोलीपर्यंतचे, एकदा मेअखेरीस आणि एकदा ऑगस्टमध्ये. प्रयोगशाळेत मिठाचे ०, ५०, १०० आणि १५० मिलिमोलर द्राव, म्हणजे लिटरला २.९२, ५.८४ आणि ८.७७ ग्रॅम. प्रत्येक द्रावासाठी २५ दाण्यांच्या चार पेट्री डिश. मूळ २ मिमी बाहेर आलं की दाणा रुजला असं धरायचं.

बुरेट (रसायन)
माझा विरोध. भात रुजताना खारेपणा बऱ्यापैकी सोसतं. मार खातं ते दोन-तीन पानांचं रोप असताना, आणि पुन्हा फुलोऱ्यात. १५० मिलिमोलरला उगवण चांगली दिसली म्हणून ‘कोरगुट टिकतो’ असं लिहिलंस, तर परीक्षक पहिल्याच प्रश्नात धरतील.

शिवाय खाडीच्या पाण्यात नुसतं सोडियम क्लोराइड नसतं, मॅग्नेशियम आणि सल्फेटही असतात. मिठाचा त्रासही दुहेरी: दाण्याला पाणी ओढू देत नाही, आणि सोडियम आत साठून विष होतो. यातलं कुठलं घडलं हे कळायला तितक्याच परासरण दाबाचा पीईजी ६००० चा (पॉलिएथिलीन ग्लायकॉल; पाणी ओढू देत नाही, पण त्यात सोडियम नाही) द्राव शेजारी ठेवावा लागतो. झाकण सैल असेल तर पाणी उडून १०० चे १३० कधी होतात कळत नाही, म्हणून पॅराफिल्म लावायचीच. बी ताजं असेल तर सुप्तावस्थेमुळे साध्या पाण्यातलंही रुजणार नाही. आधी तीन-चार दिवस ५० अंशांवर ठेवून पाहा.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा मांडवीच्या गाळातलं सूक्ष्म प्लॅस्टिक घ्या. प्रश्न एक, पद्धत एक.

मानसकार
पद्धत एक, पण भोकं किती! गाळातलं प्लॅस्टिक मिठाच्या पाण्यावर तरंगवून वेगळं करायचं, पण संपृक्त मिठाच्या पाण्याची घनता १.२. पीईटीची १.३८, म्हणजे पाण्याच्या बाटलीचेच तुकडे तळाशी राहणार. झिंक क्लोराइडमध्ये ते तरंगतील, पण ते महाग, विषारी, आणि वापरून झाल्यावर टाकायचं कुठे? सेंद्रिय घाण जाळायला ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलंस की मांडवीचा गाळ बीकरबाहेर येईल. खनिजाच्या बार्जी या नदीतून गेल्यात, गाळात लोह भरपूर, आणि लोह पेरॉक्साइडला भडकवतं. त्यात प्लॅस्टिक चमकवायला वापरतात तो नाइल रेड रंग नैसर्गिक मेदालाही रंगवतो. चमकलं ते प्लॅस्टिक, असं मोजायचं का?

बुरेट
यातलं बरंच आवरता येतं. पेरॉक्साइड थोडं थोडं, बर्फाच्या भांड्यात. कपड्यांचे नि हवेतले तंतू मोजले जाऊ नयेत म्हणून सुती कोट, दर खेपेला एक कोरा फिल्टर. दावाही तेवढाच करायचा: ‘१.२ पेक्षा हलके कण’, म्हणजे मुख्यतः पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन. त्यातले ५० कण एफटीआयआरवर (पदार्थ ओळखणाऱ्या अवरक्त वर्णपटमापकावर) तपासून घ्यायचे. छोटा दावा असला तरी तो पक्का असतो.

ओहोटी (भौतिक)
मला खाजनच हवं, कारण तिथे मोजण्यासारखं काहीतरी हलतं. मानशीवर वाहकता-लॉगर बसवू, दर १० मिनिटांनी आपोआप नोंद; मीठ जास्त तितकी पाण्याची वाहकता जास्त. उधाण-भांगाचा (मोठ्या आणि लहान भरतीचा) फेरा सुमारे १५ दिवसांचा, त्याहून कमी मोजून उपयोग नाही. तांब्याच्या दोन तारांना डीसी देऊ नका, इलेक्ट्रोड ध्रुवित होऊन आकडा घसरत जातो आणि तार खाल्ली जाते. एसी आणि ग्राफाइट वापरा. दर अंशाला वाहकता साधारण २ टक्के वाढते, त्यामुळे तापमापक नसेल तर दुपारचं ऊनच क्षारता म्हणून दिसेल. अंकनासाठी ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड, २५ अंशांना १२.८८ मिलिसीमेन्स प्रति सेंमी. शेवाळ चढतं, दर दोन दिवसांनी पुसावं लागेल.

नमुनासंख्या (संख्याशास्त्र)
लॉगर ठीक. पण एका खाजनातून ३० नमुने काढले तरी खाजन एकच, म्हणजे नमुना एकच. किमान पाच-सहा मानशी हव्यात, नाहीतर निष्कर्ष त्या एका बांधापुरता.

दुसरं असं की मानशीपासूनचं अंतर हा चल फसवा आहे. खाजनात सखल भाग पोंयीकडे (मानशीच्या आतल्या पाणसाठ्याकडे), भात त्याहून उंचावर. मीठ अंतराने घटलं की उंचीने, हे लेव्हल न घेता कसं सांगणार? पाण्याची पारदर्शक नळीसुद्धा पुरेल, पण प्रत्येक नमुन्याची उंची लिहाच. आणि बुरेट, छोट्या दाव्याचं कौतुक पुरे. पॉलिथिलीन मिळालं, पुढे काय? तुझ्या प्रकल्पात तुलनाच नाही.

बुरेट
तुलना आहे: नदीच्या प्रवाहात पणजीच्या खालचा गाळ आणि वरचा. ते राहू दे. तुमच्यातला कुणी १:५ मातीपाण्याचं (एक भाग माती, पाच भाग पाणी) वाचन घेऊन भाताच्या ३ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या मर्यादेशी ताडणार असेल तर थांबा. ती मर्यादा संपृक्त अर्काची आहे. १:५ मध्ये मीठ पातळ होतं, आकडा कितीतरी खाली दिसतो, आणि खारी जमीन गोडी ठरते. मातीचा लगदा करून अर्क काढा. वेळ लागतो, पण पर्याय नाही.

मानसकार
लगदा मान्य. उगवणीऐवजी कुंडीतली २१ दिवसांची रोपं घेतो, पातळ केलेल्या खाडीच्या पाण्यावर. पाच मानशी मात्र एका उन्हाळ्यात होत नाहीत. तीन घेऊ.

नमुनासंख्या
तीनवर सरासरी निघेल, फरक सिद्ध होणार नाही. मग शीर्षकात ‘प्राथमिक’ घाल.

ओहोटी
लॉगरचं एक राहिलं. मानशीवरच्या मासेमारीची पावणी (लिलाव) होते, आणि ओहोटीला जाळं दाराच्या तोंडालाच लागतं. पावणी घेणाऱ्याला आधी विचारा आणि लॉगर दाराच्या आतल्या बाजूला, भिंतीला धरून बांधा. तोंडात बांधला तर पहिल्याच रात्री जाळ्यात येईल.