मुलाच्या युनिव्हर्सिटीचा मेल: "नार्कॅन रूमवर ठेवा". हे काय प्रकरण आहे?

कर्वेनगरची आई

नमस्कार मंडळी. मुलगा ऑगस्टमध्ये एमएससाठी ॲरिझोनाला चाललाय. हॉलमध्ये वजनकाटा मांडून ठेवलाय आणि कुकर या बॅगेतून त्या बॅगेत फिरतोय. काल युनिव्हर्सिटीचा मेल आला. विमा, लसी, राहण्याच्या सूचना, आणि मध्येच एक ओळ की नार्कॅन स्प्रे आरोग्य केंद्रातून मोफत घ्या, रूमवर ठेवा. विचारलं तर म्हणाला, "अगं, फेंटानिलच्या ओव्हरडोसवरचं औषध असतं ते. तिकडे सगळ्यांकडे असतं." आणि मान परत फोनमध्ये.

माझं डोकं दुसरीकडेच गेलं. गेल्या वर्षी सासऱ्यांना कॅन्सरच्या दुखण्यासाठी फेंटानिलचाच पॅच होता. दर तीन दिवसांनी मीच बदलायचे, छातीवर, वरती तारीख लिहून. तिकडे माणसं मरतात ती याच औषधानं? मग आम्ही नानांना काय लावत होतो? आणि स्वतः नशा न करणाऱ्या मुलानं तो स्प्रे का बाळगायचा?

पेठेतला काका

मुळात पाठवायचंच कशाला? पुण्यातली कॉलेजं संपली का?

भूलवाली डॉक्टर

काकांना नंतर कोणीतरी उत्तर द्या. ताई, आधी नानांचं बोलू.

मी भूलतज्ज्ञ आहे, २२ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये गेली. फेंटानिल मी जवळजवळ रोज देते. बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांनी १९६० च्या सुमारास शोधलेलं हे औषध, अफूच्याच जातीचं पण पूर्ण कृत्रिम, मॉर्फिनच्या ५० ते १०० पट जोरकस. आमची दोन मिलीची अँप्यूल असते, तिच्यात १०० मायक्रोग्रॅम. तेवढ्यानंही पेशंटचा श्वास संथ होतो, कधी थांबतो. पण मी डोक्याशी बसलेली असते, हातात मास्क, शेजारी ऑक्सिजन.

आता तिकडचा हिशेब बघा. सवय नसलेल्या माणसाला दोन मिलिग्रॅम जीवघेणं ठरू शकतं. म्हणजे मिठाचे दहा-पंधरा दाणे, म्हणजेच माझ्या २० अँप्यूल. तेवढं एका बनावट गोळीत येतं, आणि डोक्याशी कोणीच नसतं. अमेरिकेच्या डीईए या अमली पदार्थविरोधी खात्यानं २०२३ मध्ये तपासलेल्या फेंटानिलच्या बनावट गोळ्यांपैकी दहातल्या सातांत जीवघेणी मात्रा असू शकत होती. नानांच्या पॅचमधून मायक्रोग्रॅमच्या हिशेबानं ७२ तास औषध झिरपत होतं, डॉक्टरांनी मोजून दिलेलं. तुम्ही त्यांना शांत झोप दिलीत. ते मनातून काढून टाका.

एक विचारते. उरलेले पॅच कुठे आहेत?

फिलीतला पुणेकर

मी फिलाडेल्फियात आहे, मूळचा सहकारनगरचा. "आपला मुलगा नशा करत नाही" हे माझी आईही म्हणायची, आणि खरंच होतं. पण हा स्प्रे स्वतःसाठी नसतोच काकू. बेशुद्ध माणूस स्वतःच्या नाकात काय मारणार?

आमच्या घरात चौघं होतो. त्यातला एक नागपूरचा, दारूलाही न शिवणारा. सबमिशनच्या आदल्या रात्री जागायला म्हणून त्यानं कोणाकडून तरी ॲडेरॉल (तिकडे चिठ्ठीवर मिळणारं, झोप उडवणारं औषध) म्हणून एक गोळी घेतली. दुकानातली नाही, चॅटवर मागवलेली. पहाटे तो सोफ्यावर घोरत होता आणि आम्ही हसत होतो, जागणार होता म्हणे! मग मला तो आवाज खटकला. घोरणं नव्हतं ते, हुक्क्यात पाणी बुडबुडावं तसं. मधे मोठी गॅप. ओठ राखाडी. (आपल्या रंगाच्या माणसात निळसर पटकन दिसत नाही, ओठ आणि नखं बघायची.) छातीच्या हाडावर मुठीनं जोरात रगडलं तरी हूं की चूं नाही. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

९११ लावला. चहा मसाल्याच्या डब्यामागून नार्कॅन काढला, मान मागे करून एका नाकपुडीत पूर्ण दाबला. पोलीस येतील, व्हिसाचं काय होईल, हे डोक्यात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू. बहुतेक राज्यांत मदतीला फोन करणाऱ्याला कायद्याचं काही संरक्षण आहे, हे नंतर कळलं. फोनवरची बाई सांगत होती तसं नाक दाबून तोंडानं दर पाच सेकंदांनी एक श्वास देत होतो. तीन मिनिटं झाली, काही नाही. दुसरा डोस दुसऱ्या नाकपुडीत. मग तो एकदम उठून ओकला आणि आम्हालाच शिव्या दिल्या.

तो म्हणत होता, बरा आहे, झोपू द्या. अँब्युलन्सवाल्यांनी ऐकलं नाही. नार्कॅन अर्ध्या ते दीड तासात उतरतो, फेंटानिल शिल्लक असलं तर श्वास पुन्हा बंद पडू शकतो.

भूलवाली डॉक्टर

अगदी बरोबर केलंत. भर घालते. नार्कॅन म्हणजे नॅलोक्सोन, ते अफूजातीच्या औषधांना मेंदूतल्या जागेवरून हुसकावतं. फेंटानिल नसेल तर त्यानं अपाय होत नाही, म्हणून शंका असेल तरी मारा. तिकडे झायलाझिन नावाचं जनावरांचं गुंगीचं औषधही मिसळतात. त्यावर नॅलोक्सोन चालत नाही, म्हणून श्वास देणं सोडायचं नाही. आणि पावडरीला नुसता हात लागल्यानं फेंटानिल चढतं ही भीती खोटी आहे, त्यापायी कोणाला तसंच सोडू नका.

तपासायच्या पट्ट्याही मिळतात, पण गोळीचा एक कोपरा तपासून भागत नाही. शिऱ्यातले बेदाणे प्रत्येक घासात सारखे येतात का?

येरवड्याचा

काकांसाठी. मी नऊ वर्षं नशेत होतो, सहा वर्षं स्वच्छ आहे. पुण्यात नशेसाठी फेंटानिल फारसं ऐकू येत नाही, एमडी म्हणजे मेफेड्रोन आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभला त्याचा कारखाना सापडला, पेपरात वाचलं असेलच. एमडीवर नार्कॅन काम करत नाही, १०८ लावायचा. सल्ल्यासाठी १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, आणि मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून इथेच आहे. आणि एक, व्यसन सोडून परत घसरलेला माणूस जास्त मरतो, कारण शरीराची सवय गेलेली असते आणि तो जुनाच डोस घेतो. माझ्या बराकीतले, म्हणजे वॉर्डातले, दोघं असेच गेले. त्यांना कोणी रागावायला नको होतं, सोबत कोणी असायला हवं होतं.

अमेरिकेत २०२२ मध्ये ओव्हरडोसनं सुमारे १ लाख ८ हजार माणसं गेली, २०२४ मध्ये ८० हजारांच्या आसपास. कमी होण्याची कारणं बरीच आहेत, पण २०२३ पासून हा स्प्रे तिथे चिठ्ठीशिवाय मिळतो, हे त्यातलं एक म्हणतात.

पेठेतला काका

मागे घेतो शब्द.

कर्वेनगरची आई

डॉक्टर, तुम्ही विचारलंत म्हणून शोधले. नानांच्या कपाटात, पासबुकांखाली, न उघडलेले तीन. आणि वापरलेला एक, कागदात गुंडाळलेला, का ठेवला होता मलाच आठवेना. जाऊबाईंची नात रोज त्या कपाटाशी खेळते.

भूलवाली डॉक्टर

वापरलेल्या पॅचमध्येही बरंच औषध उरतं, लहान मुलाला घातक ठरेल इतकं. तो चिकट बाजू आत घेऊन दुमडा. सगळे कुलपात ठेवा आणि जिथून मिळाले त्या हॉस्पिटलच्या पेन क्लिनिकला परत करा. कचऱ्यात टाकू नका.

कर्वेनगरची आई

आज देऊन आलो, मुलगाच गाडी चालवत होता. वाटेत फिलीवाल्यांचं उत्तर वाचून दाखवलं. म्हणाला, घेईन पहिल्याच आठवड्यात. घरी आल्यावर बॅगेतल्या औषधांच्या डब्यातून माझ्या पाठदुखीच्या ट्रॅमाडॉलच्या दोन स्ट्रिपा त्यानंच काढल्या, तिकडे तेही चिठ्ठीशिवाय चालत नाही म्हणे. त्या जागेत मेतकुटाची पुडी बसली.