मदत हवी आहे : अपडेटनंतर जुने शॉट उघडत नाहीत

कॉम्पकर :
तातडीने सांगा कुणीतरी. आम्ही कॉम्पिंग करतो, म्हणजे वेगवेगळी दृश्यं एकत्र जोडून एक शॉट बनवतो. स्टुडिओने सगळ्या मशीनवर नवी आवृत्ती टाकली आणि आमच्या स्वतःच्या साधनांचा मेनूच गायब झाला. जुनी स्क्रिप्ट (शॉटची फाइल) उघडली की अर्धेअधिक नोड (एकेका क्रियेचे ठोकळे) लाल. शुक्रवारी डिलिव्हरी आहे. जुन्यावर परत जाऊ की सरळ दुसरं सॉफ्टवेअर धरू?

रानवारा :
कशाची आवृत्ती? कुठल्यावरून कुठली? एरर काय येते?

कॉम्पकर :
कॉम्पिंगचं सॉफ्टवेअर न्यूक, अजून काय असणार. १२ वरून १५. मेनूची एरर येतच नाही, तोच तर त्रास आहे.

पेठकर :
फ्यूजन या दुसऱ्या कॉम्पिंग सॉफ्टवेअरवर या. रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये फुकट मिळतं, तेही नोडचंच आहे. मी जाहिरातींची कामं त्यावरच करतो, कुठे अडलं नाही.

रानवारा :
पेठकर, त्यांची डिलिव्हरी शुक्रवारी आहे. न्यूकची स्क्रिप्ट फ्यूजनमध्ये उघडत नाही, प्रत्येक शॉट नव्याने बांधावा लागेल. शिवाय फुकटची आवृत्ती ३८४० × २१६० पिक्सेलच्या वर रेंडर देत नाही. सिनेमाचं ४०९६ पिक्सेल रुंदीचं काम असेल तर संपलंच.

पेठकर :
मग स्टुडिओ आवृत्ती घ्या! एकदाच पैसे भरायचे, दरवर्षी भाडं नाही. लहान स्टुडिओंनी हा विचार करायलाच हवा.

जुना_शेकवाला :
आम्ही शेक या जुन्या कॉम्पिंग सॉफ्टवेअरवर शिकलो. ॲपलने २००२ मध्ये ते बनवणारी कंपनी घेतली आणि २००९ मध्ये शेक बंद केलं. हातात बसलेलं हत्यार गेलं की काय होतं ते आमच्या पिढीने पाहिलंय. म्हणून म्हणतो, सॉफ्टवेअर नाही, कॉम्पिंग शिका.

साधी_पाटी :
ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर अपडेट करा आणि रॅम ६४ जीबी करा. प्लेबॅक एकदम सुधारतो.

कॉम्पकर :
अहो, प्लेबॅकचं विचारलंच नाहीये. मेनू कसा आणू ते सांगा.

व्हँकुव्हरची_मीरा :
दादा, तुमच्या मेनू डॉट पीवाय फाइलमध्ये (मेनू बनवणारा पायथन भाषेतला कोड) इम्पोर्टभोवती (दुसरी कोड-फाइल आत घेणारी ओळ) ट्राय-एक्सेप्ट (एरर आली तरी पुढे जायची सोय) लावलंय का? न्यूक १२ मध्ये पायथन २.७ होतं, १३ पासून पायथन ३ आलं, १५ मध्ये ३.१० आहे. पायथन ३ ला प्रिंटपुढे कंस लागतोच, जुन्या कोडमध्ये कंसाविना प्रिंट असेल तर ती फाइल इम्पोर्टच होत नाही आणि एक्सेप्ट ती एरर गिळतं.

कॉम्पकर :
हो, आहे! लिहिणारा टीडी (टेक्निकल डायरेक्टर) स्टुडिओ सोडून गेला, आता त्या फाइलला कुणी हात लावत नाही.

व्हँकुव्हरची_मीरा :
मग आधी ट्राय काढून खरी एरर बघा. प्रिंट, हॅज-की, इटरआयटम्स यांसारख्या जुन्या आज्ञा बऱ्याचशा २टू३ हे कोड बदलणारं साधन बदलून देतं. भागाकार मात्र स्वतः तपासा. पायथन २ मध्ये ५/२ म्हणजे २, आता २.५. फ्रेमचा आकडा काढणाऱ्या ओळीत हे राहिलं तर लगेच एरर येईलच असं नाही, चुकीची फ्रेम जाईल आणि क्लायंटला आधी दिसेल. तिथे दोन तिरप्या रेघा (//) द्या, म्हणजे जुन्यासारखं २ च येईल. आणि शुक्रवारचे शॉट १५ मध्ये सेव्ह करू नका. दोन्ही आवृत्त्या एकाच मशीनवर राहतात, ते शॉट १२ मध्येच संपवा.

रानवारा :
हे बरोबर. पण लाल नोड वेगळं प्रकरण आहे. त्यांची नावं द्या. गिझ्मो (अनेक नोड मिळून केलेला एक नोड) म्हणजे नुसती मजकुराची फाइल, तो सहसा चालतो. कंपाइल केलेलं प्लगइन (बाहेरून जोडलेलं तयार साधन) मात्र त्या-त्या आवृत्तीसाठी बांधलेलं असावं लागतं, १२ चं १५ मध्ये लोड होणार नाही.

पेठकर :
म्हणूनच म्हणतो, इतकी प्लगइन लागतातच कशाला?

कॉम्पकर :
मेनू आला! तीन फाइलींत प्रिंट होतं. भागाकार उद्या बघतो, रेंडर फार्मवरही (रेंडर करणाऱ्या मशीनवर) १२ परत टाकायला सांगितलंय. लाल राहिलेले सगळे नोड ग्लोच्या (झळाळीच्या इफेक्टच्या) एकाच विकतच्या प्लगइनचे आहेत, त्यांची १५ ची बिल्ड अजून आमच्याकडे नाही. न्यूकच्या स्वतःच्या ग्लोवर तोच लूक कुणी जुळवलाय का? सेटिंग टाका.