वसंतराव नाईक ११ वर्षं सीएम होते, मग विदर्भाले काय भेटलं?

पोट्टा_नागपूरचा
भाऊ एक डोक्यात अडकून राहिलंय म्हणून विचारतो. काल सकाळी तर्री पोह्याच्या ठेल्यावर आमच्यात वाद झाला. मित्र म्हणे विदर्भावर अन्याय अन्याय करता, पण महाराष्ट्राचा सगळ्यात जास्त काळ मुख्यमंत्री राहिलेला माणूस तर तुमच्याच पुसदचा. मी घरी येऊन पाह्यलं तर खरंच, ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५, सलग. आता तर पाच वर्षं पूर्ण केली तरी बातमी होते. मॉरिस कॉलेजलाही त्यांचंच नाव आहे आणि मी रोज टी-पॉइंटवरून गाडी काढतो, पण खरं सांगायचं तर माणसाबद्दल मले काहीच माहीत नाही. बाबा म्हणतात देवमाणूस, काका म्हणतात मुंबईवाल्यांचा माणूस. नेमकं काय होतं आणि इतकी वर्षं टिकले काऊन?

बर्डीवाला
टिकले कारण सुरुवातीला कोणालेच त्यांची भीती नव्हती. तेव्हाचे सीएम यशवंतराव चव्हाण १९६२ मधे संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, कन्नमवार सीएम झाले आणि वर्षभरात, नोव्हेंबर १९६३ ला, वारले. मग नाव आलं नाईकांचं. ना मराठा लॉबी मागे, ना साखर कारखाना, पाइप ओढणारा सुटाबुटातला शांत माणूस, लोकांना वाटलं हा काय दोन वर्षं काढेल अन् जाईल. तोच बसला ११ वर्षं! १९७२ ला काँग्रेसला २७० पैकी २२२ जागा आल्या ते पण यांच्याच काळात.

पण विदर्भाचं म्हणशील तर माझा राग आहे. कृषी विद्यापीठ आधी राहुरीला गेलं १९६८ मधे, अकोल्याला १९६९ ला आलं ते पण केवढं आंदोलन झाल्यावर. सीएम विदर्भाचा आणि विद्यापीठासाठी विदर्भानं रस्त्यावर यायचं, हे काय होय? त्याच रागावर १९७१ ला आपल्या नागपुरातून वेगळ्या विदर्भासाठी लढणारे जांबुवंतराव धोटे खासदार झाले. मुंबईत विरोधक शिवसेनेला 'वसंतसेना' म्हणायचे ते पण याच नाईकांवरून, कम्युनिस्टांच्या युनियनला आवर घालायला सेनेला मोकळं सोडलं म्हणून. मुंबईत समुद्र बुजवून काढलेल्या बॅकबेच्या जमिनीचा वाद तर अजून वेगळा.

रिटायर्ड_कृषीसहायक
बर्डीवाला भाऊ, तुमचं चूक नाही पण अर्धंच आहे. आमच्या पिढीने ते दिवस पाहिले आहेत. १९६५-६६ मधे धान्याची अशी टंचाई होती की रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, यायचा, आई त्याची भाकर थापायची ती तव्यावर टाकेपर्यंत तुटायची. त्या वेळी नाईक साहेब पुण्यात जाहीर बोलले होते की दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फाशी द्या. असं कोणता सीएम बोलतो आज? हायब्रीड ज्वारी आली ती त्याच वेळी, पावसाच्या भरवशावरच्या जमिनीत जास्त उतारा देणारी. चव नव्हती हे खरं आहे, गावात कोणी नालायक निघाला तर त्याला 'हायब्रीड' म्हणायची पद्धत तेव्हापासूनची, पण कणग्या भरल्या. त्यांचा वाढदिवस १ जुलै आपण कृषी दिन म्हणून पाळतो ते उगाच नाही.

मग ७२ चा दुष्काळ. दुष्काळी कामं निघाली, पाझर तलाव, नालाबंडिंग, खडी फोडायची, आणि पोरांना खायला सुकडी, म्हणजे पिठाचा गोड चुरा. माझी पहिली हजेरीपत्रकं त्या वेळची. काम मागेल त्याला काम, म्हणजे रोजगार हमी, ही कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागेंची पण राज्यभर लावायची हिंमत नाईकांची. कायदा नंतर १९७७ ला झाला आणि देशाला मनरेगा मिळायला २००५ उजाडलं.

कापूस एकाधिकार, म्हणजे सगळा कापूस सरकारनंच विकत घ्यायचा, तो पण १९७२ चाच, तो तर विदर्भासाठीच होता की. व्यापाऱ्याच्या तावडीतून सुटका होईल म्हणून आमच्या वडिलांनी पेढे वाटले होते. पुढे केंद्रावर गाड्यांच्या रांगा, ग्रेडरची मर्जी आणि हप्त्याहप्त्यानं मिळणारे चुकारे, हे सगळं भोगलं आम्ही, पण कल्पना वाईट नव्हती.

तांड्यावरचा
बंजारा आहे म्हणून लिहितो, नाहीतर वाचूनच जात होतो. तुम्ही लोकं विद्यापीठ कुठे अन् धरण कुठे याच्यावर भांडून राहिले, ते बरोबरच आहे, पण आमच्या तांड्यात फोटो का लावतात ते वेगळं आहे. ज्या समाजावर इंग्रजांनी गुन्हेगारीचा शिक्का मारला त्यातला पोरगा गहुलीच्या तांड्यातून निघून नागपुरात शिकतो, वकील होतो, १९४१ मधे नागपूरच्याच घाटे कुटुंबातल्या वत्सलाबाईंशी लग्न करतो, तेव्हा काय कमी बोललं असेल लोकांनी दोन्हीकडून. माझी आजी अजून 'नायकसाब' म्हणते आणि पदर डोक्यावर घेते. टीका करा ना, पुसदला अजून आमदार त्याच घरातला याच्यावर पण करा, मी पण करतो. पण ते फोटो उतरणार नाहीत.

बर्डीवाला
कृषीसहायक काका, कापसाचं मान्य. कोराडीच्या वीजकेंद्राचा पहिला युनिट १९७४ चा, तो पण त्याच काळातला, हे मीच विसरलो. राग तरी आहेच 😅 अकरा वर्षं हातात असताना आपल्याइकडचं सिंचन मागे राहिलं, तो अनुशेष, म्हणजे मागे राहिलेलं काम, पुढे सरकारनं नेमलेल्या दांडेकर समितीला मोजायला लागला.

पगारी_माणूस
मधेच एक गंमत. तुमच्या पगारपत्रकात महिन्याला २०० रुपये प्रोफेशन टॅक्स कापला जातो ना, फेब्रुवारीत ३००? तो रोजगार हमीला पैसा पाहिजे म्हणून १९७५ मधे लावला. नाईक तोवर खुर्चीवरून गेले होते, दिल्लीनं शंकरराव चव्हाणांना बसवलं होतं, पण कापणं अजून चालू आहे बाप्पा.

पोट्टा_नागपूरचा
ते २०० रुपये काऊन कापतात हे मी एचआरले दोनदा विचारलं होतं, ती म्हणे सरकारी नियम आहे, तिलेच माहीत नव्हतं 😂 हा सगळा धागा बाबांना वाचून दाखवला. मिलोच्या भाकरीचं ऐकून ते स्वतःच सुरू झाले, अर्धा तास थांबले नाहीत. आता म्हणतात गहुली पाहून येऊ. तांड्यावरचा भाऊ, पुसदहून गहुलीले बसनं जाता येते का गाडीच नेऊ?